ब्रेक दाबून धर

लेतेब्रहान म्हणते, डावीकडे ओढते.
कधीपासून?
झाले बरेच दिवस.
किती वेगाला थरथरते?
काटा बंद आहे, तेकेस्ते,
पण नेफासितच्या उतारावर
दवाखान्याची पाटी मागे पडली
की हातातली बांगडी वाजायला लागते.

एवढं पुरे. बाकीचं गाडी सांगेल.

सन त्रेसष्टची फियाट सहाशे.
अस्मारात अशा अजून पुष्कळ आहेत,
आमच्याच वयाच्या,
सुटे भाग मिळत नाहीत हे माहीत असूनही
सकाळी चालू होणाऱ्या.

हत्यार नंतर. आधी तळहात.
टायरवरून फिरवतो, बाहेरून आत:
गुळगुळीत.
परत येताना करवत.
लेतेब्रहान बघत असते. ती सुईण,
पोटावर हात ठेवून
मूल आडवं की उभं ते सांगणारी.
एक शब्द बोलत नाही.

पुढचा कोपरा दाबून सोडतो.
वर येते, खाली जाते, थांबते.
म्हणजे शॉक अब्सॉर्बर शाबूत.
पाट्याच्या पानांवरून बोट नेतो,
एकही तडकलेलं नाही.
स्टिअरिंगच्या डब्यावरचा स्क्रू मात्र
कुणीतरी पार पिळून ठेवलाय,
भोवती पान्याचे ताजे ओरखडे.
वळण संपलं तरी चाक परतत नाही ते यानेच.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
केरेनला दाखवली होती, ती कबूल करते.
असो.

फिल्मोन, जॅक लाव.
चाक वर आणि खाली धरून हलवतो.
टक्.
बेअरिंग! फिल्मोन ओरडतो.
अठरा वर्षांचा आहे, उत्तर हाताशीच असतं त्याच्या.
आत बस, मी म्हणतो,
ब्रेक दाबून धर.

ब्रेक दाबला की ड्रम आणि पाठीमागची पत्री
एकमेकांना घट्ट धरतात,
बेअरिंगला मग बोलायला जागा उरत नाही.
तरीही जे बोलतं
ते किंगपिन.

पुन्हा हलवतो.
टक्.

पण डावीकडचाच का?
उजवीकडच्या निपलला ग्रीसची बंदूक लावली,
आधी काळं आलं, मग पिवळं, जसं यायला हवं.
डावीकडे दांडा हाताला अडला
आणि ग्रीस निपलच्या कडेनेच ओघळलं.
फडक्याने पुसलं, नखाने खरवडलं.
भोकावर रंग.
आकाशी.

मेरहावीने रंगवली होती,
निघून जायच्या आदल्या आठवड्यात,
घरामागे, ब्रशने, चाकं न काढता.
आईची गाडी नवी दिसावी म्हणून.
कुठे जाणार ते बोलला नाही.
आम्हीही विचारलं नाही. इथे विचारत नाहीत.

अकरा वर्षं
दर सहा महिन्यांनी मीच बंदूक लावली इथे.
बाहेर आलेलं पुसलं
आणि म्हटलं, भरलं पोट.
उजव्या बाजूला जे काळं येत होतं
ते डाव्या बाजूला कधीच आलं नाही.
पाहिलं होतं मी. दिसलं नव्हतं.

काय झालं होतं? लेतेब्रहान विचारते.
आत ग्रीस पोचत नव्हतं.
का?

फिल्मोनचा पाय अजून ब्रेकवरच.
तो माझ्याकडे बघतो.

माझं लक्ष नव्हतं, मी म्हणतो.
हे खोटं नाही.

मेदेबेरमध्ये एका जुन्या नळाचं पितळ वितळवून
बुश कातून घेतले. दोन दिवस गेले.
पिन दुसऱ्या एका सहाशेची, जिची आता फक्त टपं उरलीत.
स्क्रू पाव फेरा सैल केला.
निपल नवं.
जुनं कुठे ठेवलं ते मी तिला सांगणार नाही.

उतारावर तीच चालवते.
दवाखान्याची पाटी येते, जाते.
बांगडी मनगटावर गप्प.
सपाट पट्टा लागताच ती दोन्ही हात
स्टिअरिंगपासून बोटभर दूर नेते.

आता उजवीकडे ओढते थोडीशी, ती म्हणते.

तो रस्ता आहे, मी सांगतो.
पाणी वाहून जावं म्हणून
कडेला उतरता ठेवलाय.